बंगईची पीन

बंगईच्या एका बाजूची साखळी पेलणारी पीन झिजून तुटायला आली, तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, काढून टाका ना तो झोपाळा. चांगला सोफा घ्या." माझं डोकंच फिरलं. फोन ठेवून दिला. हुडकेश्वरच्या त्या घरात संध्याकाळी टेकावं अशी माझी ती एकच जागा. बायको होती तोवर आम्ही दोघं तिथेच चहा प्यायचो. ती गेली, आता एकटा पितो. बंगई गेली तर चहा घेऊन बसायचं कुठं? भिंतीसमोर?

लोखंडाची पीन पुन्हा गंजणार, म्हणून इतवारीतून स्टेनलेसचा गज आणला. बोटाएवढी पीन ती. एवढ्याशा कामासाठी कोणी कारागीर दारात उभं करेना. शेवटी वर्गणी भरली की कुणालाही मशीन वापरू देतात, अशा एका वर्कशॉपचा पत्ता लागला. मापासाठी दोन्ही पिना खिशात टाकल्या, झिजलेली अन् धड असलेली, आणि गेलो.

तिथं एक दातांचे डॉक्टर हौसेनं छोटंसं इंजिन बनवत होते. दवाखाना बंद असला की ते तिथंच. गज गरगर फिरवत कापायचं मशीन, लेथ, कसा चालवायचा ते त्यांनीच दाखवलं. मी आपला जपून, हळूहळू हत्यार टेकवत गेलो, तर ते किंचाळायलाच लागलं. स्टील नुसतं चमकत होतं, कापलं काही जाईना.

"काका, घाबरून काहून राहिले? स्टेनलेसले असं गोंजारलं का ते अजून कडक होते. दाबा ना!"

"दाबतोच आहे!" मी खेकसलो.

"कुठं दाबून राहिले? घासून राहिले नुसते." ते हसले.

तो तुकडा वाया गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून चाक फिरवलं. किती दिवसांनी कुणाचा तरी हात लागला मला! या वयात हे काय, म्हणून लाज वाटली, पण हात काढून घ्यावासा वाटेना. हत्याराखालून लांबलचक चकाकती साल निघत राहिली.

मग माप ताडून पाहायला त्यांनी जुन्या पिना हातात घेतल्या.

"या दोन्ही एकाच वेळी बसवल्या होत्या काय?"

"हो. बायकोनंच बसवून घेतल्या होत्या."

"मग ही जशीच्या तशी, अन् ही अर्धी झाली? एकाच बाजूनं चावणाऱ्याची दाढ अशी झिजते, काका. दुसऱ्या बाजूले कोणी बसत नाही काय?"

मी ती धड पीन त्यांच्या हातातून घेऊन खिशात टाकली. त्यांना कळलं असावं. नवी पीन पुसून माझ्या हातात देत ते हळूच म्हणाले, "मधात बसत जा. दोन्हीकडे सारखा भार पडते."

घरी आलो, माझ्या बाजूला नवी पीन अन् तिच्या बाजूला ती जुनीच बसवली, चहा केला. म्हटलं, डॉक्टर सांगतात तर बघू. कप घेऊन मधोमध बसलो. बंगई अगदी सरळ झुलायला लागली, जराही कलेना. आणि मला रडूच फुटलं. तिच्यावाचून ही सरळ झुलते म्हणजे काय!

उठलो अन् माझ्या कडेला जाऊन बसलो. तिची बाजू वर उचलली गेली, रोजच्यासारखी. झिजली पीन तर झिजू दे. स्टेनलेसची आहे, मला पुरून उरेल.