रिकामा डबा परत देऊ नये

ईशाननं पाण्याचा ग्लास हातानं बाजूला सारला.

"नो आंटी. ममा सेड, नथिंग फ्रॉम हियर."

नऊ वर्षांचा मुलगा. चेहऱ्यावर राग नाही, तिरस्कार नाही. आईनं सांगितलेला निरोप त्यानं दिला, एवढंच. मग स्वतःच्या दप्तरातून बाटली काढून पाणी प्यायला. बाकीच्या मुलांनीही आपापल्या बाटल्या काढल्या.

दुबईजवळच्या अजमानमधली आमची खोली. सकाळपासून मी भाकरी थापत होते. त्या दिवशी मी मुलांना अपूर्णांक शिकवणार होते. अर्धी भाकरी, पाव भाकरी, हातात घेऊन, तोडून, खाऊन शिकायची. मी ज्या तालुक्याच्या गावात शिकले, तिथं अपूर्णांक फळ्यावर होते आणि पोट रिकामं होतं. माझ्या हाताखालच्या पोरांना असं शिकायला लागू नये, असं मला वाटायचं.

मी भाकरीचे चार तुकडे केले. मुलं लांबून बघत राहिली. सगळ्यांत लहान मुलीनं हात पुढं केला. ईशाननं तिचं मनगट पकडलं.

"डोन्ट."

माझी प्रज्ञा माझ्याकडं बघत होती. तिनं एक तुकडा उचलला आणि एकटीच खाल्ला. सगळ्यांच्या देखत. सावकाश.

आम्ही कोण, ते सांगते. नवरा एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. मी बी.एस्सी., गणित. आमच्या घरातली पहिली पदवीधर. आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर बाई. दोन हजार सालाच्या आसपास आम्ही शाळेच्या वर्षाच्या मधेच इथं आलो. प्रज्ञा गावी मराठी शाळेत होती. इथल्या शाळेत तिची इंग्रजीत परीक्षा घेतली, ती नापास झाली. ऑफिसमधला माणूस म्हणाला, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." म्हणजे पोरीनं वर्षभर एका खोलीत बसायचं. घराच्या दुसऱ्या खोलीत वसईची फिलोमिना आणि तिचा नवरा. स्वयंपाकघर दोघींचं.

अशात दुबईत, ऊद मेथाला, मराठी लोकांच्या एका कार्यक्रमात मला वीणाताई भेटल्या. दुबईतच मिर्दिफला व्हिला, नवरा मोठा इंजिनिअर. पण मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवत होत्या. त्यांच्याबरोबर आणखी चार मराठी घरं. मुलं पुढं भारतातल्या मुक्त शाळेच्या परीक्षेला बसणार. घरी शिकवणं हा त्यांचा विचार होता. माझी अडचण होती. तरी त्यांनी माझा हात हातात घेतला.

"गाव कुठलं तुझं?"

मी सांगितलं.

"आणि आडनाव?"

तेही सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "काळजी करू नकोस गं. मी आहे ना."

ते थांबणं मी पाहिलं होतं. पण पुढच्या वाक्यानं मी ते विसरले. आम्हाला मदत करणाऱ्याचं सगळं विसरायची सवय असते. मला उंबऱ्याबाहेर उभं ठेवून पुस्तकं देणाऱ्या गावच्या मास्तरांचेही मी आभार मानले होते. पास झाल्यावर पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "ठेव तिथं ओट्यावर." मी ठेवले. वाकून नमस्कारही केला.

वीणाताईंनी खूप केलं. खोटं कशाला बोलू? त्यांच्या ईशानची जुनी पुस्तकं दिली. दिवसाचं वेळापत्रक कसं आखायचं, मुलाला उत्तर न देता विचार कसा करायला लावायचा, परीक्षेला कुठं नाव घालायचं, सगळं समजावलं. मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. प्रज्ञा इंग्रजी बोलायला लागली. त्या इतर बायकांना सांगायच्या, "हिला गणितात काय गती आहे माहितेय?" मला रडू यायचं.

दर शुक्रवारी सगळी मुलं एका घरी जमायची. ज्या घरी जमतील तिथली आई शिकवणार आणि तीच सगळ्यांना जेवू घालणार. पाळी फिरायची. माझी पाळी आली की वीणाताई म्हणायच्या, "अगं, अजमान किती लांब. तुझी जागा लहान. तू दगदग नको करू." मला वाटायचं, किती जपतात.

उतराई म्हणून मी दर शुक्रवारी शेंगदाण्याची चटणी न्यायची. पाट्यावर वाटलेली. पाटा गावाहून आणलेला. पुढच्या शुक्रवारी डबा परत मिळायचा. घासलेला, चकचकीत, आणि आत साखर. रिकामा डबा परत देऊ नये, ही आपली रीत. ती साखर मी वेगळ्या बरणीत ठेवायची आणि प्रज्ञाला सांगायची, "बघ, माणसं अशी असतात."

शेवटी मीच हट्ट धरला. माझी पाळी मला द्या म्हणाले. वीणाताई हसल्या. "बरं बाई, घे."

आणि त्या शुक्रवारी पोरं बाटल्या घेऊन आली.

वीणाताईंचा ड्रायव्हर मुलांना न्यायला येईपर्यंत मी तोंडी गणितं घेत राहिले. निघताना ईशानला चटणीचा डबा दिला. सवयीनं. अजूनही मी सवयीतच होते.

तो सहज म्हणाला, "ओह, युअर चटणी! ड्रायव्हर अंकल लव्ह्ज इट. वी ऑल्वेज गिव्ह हिम."

मी डबा परत घेतला आणि स्वतः खाली जाऊन ड्रायव्हरच्या हातात दिला. पेशावरचा माणूस. "शुक्रिया, बहनजी," म्हणाला. निदान तो खात होता.

फिलोमिनाला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू गेलं होतं. तिनं भाकरीची चवड बघितली, बसली आणि खायला लागली. "सोड ना बाय," म्हणाली. "खलास. अशा लोकांच्या दारात परत पाय नको ठेवू."

पण मला पाय ठेवायचा होता. एकदाच. प्रज्ञाच्या परीक्षेची सगळी दोरी वीणाताईंच्या हातात होती. आणि मला अजून वाटत होतं, मुलगा चुकीचं बोलला असेल.

पुढच्या शुक्रवारी मिर्दिफला गेले. सगळ्या आया बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत वीणाताईच म्हणाल्या, "आम्ही ठरवलंय, आता प्रत्येकानं आपापला डबा आणायचा. मुलांची पोटं बिघडतात. आणि जमायचं इथंच. तू इथं येऊन गणित शिकव. सगळ्यांनाच सोयीचं."

"ताई, कोणाचं पोट बिघडलं?"

बाकीच्या आया पोरांच्या वह्या आवरायला लागल्या.

"अगं, मी काही मानत नाही. तुला माहितेय. पण सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं."

"ईशानला तुम्हीच सांगितलंत ना?"

"लहान आहे तो. काहीतरी ऐकतो, काहीतरी बोलतो."

"आणि चटणी? ती ड्रायव्हरला जायची?"

"आम्हाला तिखट झेपत नाही गं."

"मग डब्यात साखर कशाला घालायचात?"

त्या गोंधळल्या. खरंच गोंधळल्या. आणि खरं बोलल्या.

"रिकामा डबा परत देऊ नये म्हणून."

रीत पाळली होती त्यांनी. शब्दशः. माझ्या हातचं घशाखाली उतरलं नाही, पण माझा डबा त्यांनी एकदाही रिकामा दिला नाही. पहिल्या दिवशी आडनाव ऐकून त्या थांबल्या होत्या, तेव्हाच सगळं ठरलं होतं. मी तेवढे महिने त्यांच्या मायेत नव्हते. त्यांच्या बंदोबस्तात होते.

मी प्रज्ञाला हाक मारली. पुस्तकांची पिशवी टेबलावर ठेवली.

"विचार कर," वीणाताई म्हणाल्या. आवाज तोच, मऊ. "पोरीचं वर्ष आहे. मी तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू जेवणावरून...?"

"हो," मी म्हणाले. "जेवणावरूनच."

आभार मानायचे शब्द जिभेवर आले होते. लहानपणापासूनचे. मी ते गिळले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी घरातून आभार न मानता बाहेर पडले.

टॅक्सीत प्रज्ञानं विचारलं, "आई, नाऊ हू विल टीच मी?"

"मी."

"अँड द एक्झाम?"

"मी बघते."

घरी आल्यावर बरणीतली सगळी साखर मोरीत ओतली. नवरा बघत राहिला. परीक्षेची चौकशी मी स्वतः केली. कचेऱ्यांच्या खिडक्यांवर उभी राहिले, तोडक्या इंग्रजीत विचारत राहिले. प्रज्ञाचं ते वर्ष गेलं. गेलं ते गेलं. त्याच्यावर मी साखर घालणार नाही.

शुक्रवारची शिकवणी मात्र आमच्या खोलीत सुरू केली. एक प्रज्ञा, एक फिलोमिनाची भाची. पुढं एकदा वीणाताईंचा फोन आला. ईशानचं गणित अडलं होतं. तुझ्यासारखं कोणी शिकवत नाही, म्हणाल्या. ड्रायव्हर पाठवते, तू इकडे ये.

"त्याला इकडं पाठवा," मी म्हणाले. "आमच्याकडं पहिला तास जेवणाचा असतो. ताटात हात घातल्याशिवाय पाटीला हात लावू देत नाही."

पलीकडं शांतता. पहिल्या दिवशी आडनाव ऐकल्यावर होती तीच.

या वेळी ती मी विसरले नाही. फोन ठेवला आणि पीठ मळायला घेतलं.