पाहुणे सरांचा उन्हाळा

पाहुणे सरांचं आडनाव वेगळंच होतं, पण जालन्याच्या आमच्या कॉलेजात ते कुणाच्याच तोंडी नव्हतं. रसायनशास्त्र शिकवणारा हा काटकुळा माणूस कुठल्याही विषयावरून चटकन पाहुण्यांवर यायचा. "यजमान कोण, पाहुणा कोण, अन् दोघांचं किती जमतं, एवढं कळलं की अर्धी केमिस्ट्री आली," असं सर म्हणायचे. उरलेली अर्धी कोणती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

यजमान म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. स्टार्चपासून बनणारी पांढरी पूड. तिचा रेणू बुडाशिवायच्या बादलीसारखा, मध्ये पोकळ. त्या पोकळीत दुसरा रेणू येऊन बसतो, तो पाहुणा. सर फिनॉल्फ्थॅलीनच्या गुलाबी द्रावणात ही पूड टाकत आणि डोळ्यांदेखत रंग विरून जाई. मग नळी ज्योतीवर धरत, की गुलाबी रंग परत. "बघा, तापलं की पाहुणा उठला. गार करा, पुन्हा येऊन बसतो. बसताना उष्णता देतो. ती किती, तेवढंच मला मोजायचंय." आष्टीहून आलेल्या माझ्यासारखीला ही जादूच वाटली. पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, ती या माणसामुळे.

ती उष्णता हीच सरांची पीएच.डी. वेगवेगळ्या तापमानांना किती पाहुणे आत बसले ते मोजायचं, आलेखावर रेषा काढायची. रेषेच्या उतारावरून ती उष्णता किती ते कळतं. पण तापमान स्थिर ठेवणारं आमचं यंत्र लाइट गेली की मान टाकायचं, आणि लाइट रोज जायची. सरांनी मग हवामानालाच कामाला लावलं. गारव्याची मोजमापं पौषातल्या सकाळी, गरमीची मे महिन्यातल्या दुपारी. "आपल्या जालन्यासारखं यंत्र न्हाई. थंडीत बराबर थंड, उन्हाळ्यात बराबर गरम," असं म्हणत. तराजू हलू नये म्हणून पंखा बंद ठेवून घामाघूम उभे राहत.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याला वैतागलेल्या. "घरी आलेल्या माणसाला पाणी विचारत न्हाईत, अन् तिथं नळीतल्या पाहुण्याची बडदास्त!" पण शेजारणींना मात्र त्या अभिमानानं सांगत, आमचे हे डॉक्टर होणार आहेत.

प्रबंध टाइप होऊन विद्यापीठातल्या मार्गदर्शकांकडे गेला त्याच पावसाळ्यात घात झाला. मे महिन्यात तोलून ठेवलेली पुडी सरांनी सहज पुन्हा तोलली, तर वजन वाढलेलं. ही पूड आपल्या पोकळीत हवेतलं पाणी धरून ठेवते. मेच्या कोरड्या हवेत ते कमी होतं, एरवी वाढतं. म्हणजे हिवाळ्यात सर जेवढी पूड मोजून घेत होते तिच्यात पाणी जास्त होतं, उन्हाळ्यात कमी. त्यांच्या रेषेच्या उतारात पाहुण्याच्या उष्णतेबरोबर जालन्याची हवाही शिरली होती.

सरांनी विद्यापीठात जाऊन हे सांगितलं, तर मार्गदर्शक म्हणाले, फरक किरकोळ असणार, कोण बघतंय? त्यांचं चुकलं असं आजही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. जगात यापेक्षा मोठे फरक पचतात. सर मात्र प्रबंध बगलेत मारून घरी आले. आता दरवेळी आधी पुडीतलं पाणी मोजायचं, एक हिवाळा आणि एक उन्हाळा सगळं नव्यानं करायचं.

त्या दिवशी मी त्यांच्या घरीच होते. काकूंचा आवाज गल्लीत ऐकू गेला असेल. "पदवी हातात आल्ती, अन् तुम्ही माघारी घेऊन आलात? लोक काय म्हणतील, इचार करा जरा!"

"लोकांना ती चूक कुठं माहीत आहे?" सर म्हणाले. "मला माहीत झालंय ना. मंग?"

काकूंनी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पण समोर बसायच्या नाहीत. सर हिवाळाभर भल्या सकाळी मफलर गुंडाळून प्रयोगशाळेत येत राहिले. गारव्याची सगळी मोजमापं झाली. आणि होळीच्या आधी, कॉलेजच्या जिन्यातच, त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. टेबलावरच्या आलेखात एका कोपऱ्यात हिवाळ्याचे ठिपके होते आणि बाकी कागद कोरा होता. मला तो बघवेना.

तेराव्याला बायका कुजबुजत होत्या की मास्तरचं डोकं फिरल्तं, आलेली पदवी लाथाडली. काकूंनी मला आत बोलावलं. "सुमन, खरं सांग. त्यांचं ते चुकल्तं का? का उगीच मनात घेतलं?"

उन्हाळ्याची मोजमापं झाल्याशिवाय हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. मे महिन्यात ती मी केली, पंखा बंद ठेवून, पुडीतलं पाणी आधी मोजून. रेषा पुरी झाली. दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. काय सांगायचं ते वाटेत दहादा घोकलं.

"काकू, जुनं उत्तर चुकलेलंच होतं. थोडं, पण चुकलेलं."

"नक्की?"

"नक्की."

"मंग बरं झालं, बाई," त्या म्हणाल्या. "मी देवाला हेच मागून राह्यले होते. जुनंच बराबर निघालं असतं, तर त्यांचा शेवटचा हिवाळा फुकट गेल्ता म्हणावं लागलं असतं."

मग त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"तो सगळा हिवाळा मी त्यांच्याशी धड बोलले न्हाई ग. आता कोणाला सांगू, तुमचं बराबर होतं म्हणून?"