बावीस वेळा ‘घरी’

पडदा वर जातो तेव्हा अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सकाळचं तिरपं ऊन आलेलं आहे. बंब बाहेर काढून तिथे खुर्च्या मांडल्या आहेत. डावीकडे आमच्या लॉरेल फोर्क काउंटीच्या रुग्णवाहिकेचा प्रमुख ओडेल मेसर, कानापर्यंत लाल झालेला. उजवीकडे विद्यापीठातून आलेल्या डॉक्टर कीटनबाई. आणि मागच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून, माझी मैत्रीण डेल्फिया रॅटलिफ. पंचवीस वर्षं मी नदीवरच्या नाटकबोटीत कामं केली आहेत. आता बोलायची पाळी कुणाची, हे मला बसल्या जागी कळतं. पाळी डेल्फियाची होती आणि ती उठत नव्हती.

डेल्फिया कॉरोनरच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत कारकून. आमच्या डोंगरात कुणी अकाली गेलं की त्याचा कागद तिच्या टेबलावर येतो, आणि हल्ली आलेले बहुतेक नशेच्या ओव्हरडोसचेच. त्या कागदाची प्रत ती कधी टपालानं पाठवत नाही. स्वतः गाडी काढून घेऊन जाते, स्वयंपाकघरात बसते, कॉफी गार होईपर्यंत आईचं ऐकून घेते. आणि मग ती आई हमखास विचारते, “डेल्फिया, तो घरी वारला, असं लिहिशील?” पेट्रोल पंपाच्या संडासात किंवा रस्त्याकडेला गाडीत गेला, असं पेपरात छापून आलं तर रविवारी चर्चमध्ये मान वर कशी करायची? डेल्फिया म्हणते, “लिहिते हं.” पेपराला निधनाची बातमी तीच लिहून देते. त्या बातमीत ‘घरी’, आणि बातमीशी जुळावं म्हणून तिच्या कागदावरही ‘घरी’.

माझा भाचा वेल्डन, मीच वाढवलेला, लॉन्ड्रीत गेला, कपडे वाळवायच्या यंत्रासमोर बसल्या बसल्या. तेव्हा मीच तिला विनवलं होतं.

कीटनबाई रुग्णवाहिका, इस्पितळं आणि कॉरोनर या सगळ्यांच्या नोंदी नावं वगळून एकाच कोठारात आणत होत्या. माणसं नेमकी कुठे कोसळतात ते कळलं की तिथे ओव्हरडोस उतरवणाऱ्या, नाकात मारायच्या औषधाच्या पेट्या लावायच्या, आणि मृत्यू खरंच कमी होतात का ते पाहायचं. पण आमच्या एकेचाळीस मृत्यूंपैकी बावीसांची जागा रुग्णवाहिकेच्या आणि कॉरोनरच्या नोंदींत जुळेना. शुक्रवारपर्यंत त्या नोंदी जुळल्या नाहीत तर आमची काउंटी या अभ्यासातून बाहेर, आणि पेट्या पलीकडच्या काउंटीला.

“ओडेल, तुमची माणसं पत्ता नीट लिहीत नाहीत का?” बाईंनी विचारलं.

“बाई, माणूस जिथून उचलला तिथलंच लिहितो आम्ही! मेलेल्याला घरी सोडून येत नाही!”

डेल्फिया उठली.

“ओडेलला बोलू नका. ते मी केलंय. बावीसच्या बावीस.”

मग तिनं सगळं सांगितलं. आवाज असा खालचा, की आमच्या बोटीवर शेवटच्या रांगेला ऐकू गेला नसता.

“आता मला आधी एक सांगा,” ती शेवटी म्हणाली. “खरं लिहिलं तर ते एखाद्या आईच्या नजरेला पडेल?”

“नाही,” कीटनबाई म्हणाल्या. “कोठारात फक्त ‘लॉन्ड्री’, ‘गाडी’, ‘घर’ एवढंच दिसतं. कुणाची लॉन्ड्री, कोण माणूस, काही नाही. पेपरातली बातमी कुटुंबाची, मिस डेल्फिया. ती बातमी तुमच्या कागदाशी जुळायलाच हवी, असं कोण म्हणालं?”

“कुणीच नाही,” डेल्फिया म्हणाली. “माझं मीच ठरवलं.”

“मग खऱ्या जागा शोधायच्या कशा?”

“शोधायच्या कशाला? मी त्या प्रत्येकाच्या आईसमोर बसले आहे.”

ती एकेक तारीख आणि जागा सांगत गेली. ओडेल आपल्या वहीवर बोट ठेवून “बरोबर,” म्हणत गेला. पुलाखालची गाडी. बरोबर. पंपाचा संडास. बरोबर. मार्चच्या नऊ तारखेपाशी, वेल्डनच्या तारखेपाशी, ती थांबली आणि वळून माझ्याकडे पाहू लागली. मी मान डोलावली. मला वाटलं होतं, छाती फुटेल. झालं उलटंच. दोन वर्षांनी पहिल्यांदा पुरता श्वास आत गेला.

“लॉन्ड्री,” डेल्फिया म्हणाली.

“बरोबर,” ओडेल हळूच म्हणाला. “बाई, लॉन्ड्रीतली ही चौथी नोंद.”

चौथी! आणि आम्ही चौघी जणी चार स्वयंपाकघरांत आपापली लाज झाकून बसलो होतो.

शुक्रवारी दुपारी कचेरीतला फोन वाजला तेव्हा मी आणि ओडेल तिथेच घुटमळत होतो. एकेचाळीसपैकी एकेचाळीस जुळले. काउंटी अभ्यासात राहिली, पहिली पेटी लॉन्ड्रीच्या भिंतीवर. ओडेलनं टोपी छताला लागेल इतकी उंच उडवली. डेल्फियानं फोन ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि त्याच्याकडे बोट रोखलं.

“ओडेल मेसर, यापुढे माझ्या कागदावर ‘घरी’ दिसलं, तर तिथेच उभं राहून मला विचारायचं, कुणाच्या घरी?”