तांडेलमामांचा पिठाचा डबा

तांडेलमामांच्या हत्यारांच्या पेटीत पाने, पक्कड आणि हातोडीच्या शेजारी स्टीलचा एक डबा असायचा, आणि त्या डब्यात गव्हाचं पीठ. मिस्त्रीच्या पेटीत पीठ कशाला, हे नवख्याला कळायचं नाही. मीही पहिल्यांदा समजले की मामा दुपारच्या जेवणाची सोय बरोबर घेऊन फिरतात.

मामा मूळचे समुद्रकाठच्या घिवली गावचे. वडील तांडेल होते, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे प्रमुख. मामांना मात्र बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की ओकाऱ्या सुरू. मग ते काठावर राहून बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागले, आणि पुढे बोईसरहून बेटेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकून गाड्यांची. तांडेल हे नाव तरी चिकटलंच. "बापाचा मान हाय, मी नुसता अंगावर घालून फिरतो," असं म्हणून हसायचे.

आमची त्यांची गाठ पडली ती बाबांच्या पद्मिनी गाडीमुळे. बाबा तारापूरच्या नोकरीतून निवृत्त होऊन, तिथली वसाहत सोडून पालघरला राहायला आले, तेव्हा सामानाच्या टेम्पोच्या पुढे स्वतः ती गाडी चालवत आले होते. पुढे तिचं इंजिन पार बसलं. सुटे भाग मिळेनात, म्हणून एका गॅरेजवाल्याने तिच्यात दुसऱ्या, नव्या गाडीचं इंजिन बसवून दिलं. नेमकं त्याच महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं.

गाडी घरी आली ती बॉनेट उघडं ठेवून, दोरीने बांधून. नवं इंजिन उंच होतं. बॉनेट मिटेना, चार बोटं फट राहायची. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, बॉनेट काट देते हैं. ऊपर डिब्बा लगा देंगे, स्टाइल दिखेगी." बाबा खुर्चीत होते. त्यांनी डावा हात वर केला आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "कापायचं... नाही."

त्यानंतर ते गाडीबद्दल बोलले नाहीत. हळूहळू कशाबद्दलच बोलेनासे झाले. हाताचे व्यायाम करवून घ्यायला बाई यायच्या, त्यांना परत पाठवायचे. दिवसभर खिडकीशी बसून अंगणातल्या त्या आ वासलेल्या गाडीकडे पाहत राहायचे. आई म्हणाली, "विकून टाक गं ती. तिच्याकडे बघून बघून ते खचतायत." विकण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवावी, म्हणून मी तांडेलमामांना बोलावलं.

ते आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि इंजिनावरचं हवेच्या फिल्टरचं डबडं सोडवून बाजूला ठेवलं. आता बॉनेट जेमतेम मिटत होतं. "लागतंय ते दिसतंय," ते म्हणाले. "कुठं नि किती लागतंय, ते कळाया पायजे. आत डोकं घालून बघता येत नाय ना. म्हणून कणीक ठेवायची. बॉनेट मिटलं की जिथं जागा कमी, तिथं ती चेपते."

मग त्यांनी डबा उघडला आणि थेट बाबांसमोर नेऊन ठेवला. "साहेब, तुमी मळा. माझे हात ग्रीसचे हायेत."

आई पुढे झाली. "द्या, मी मळते."

"नको वयनी. गाडी साहेबांची हाय."

बाबांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मामा जागचे हलले नाहीत. शेवटी आईने आणलेल्या परातीत बाबांनी डाव्या हाताने पीठ कालवायला घेतलं. "एका हाताची कणीक सैल होते साहेब," मामा म्हणाले. "सैल कणीक आमच्या कामाची नाय." बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून परातीत ठेवला. बोटं पिठात नुसती पडून होती, मग थोडी वळली. मला बघवेना, मी आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा मामा एक ओबडधोबड गोळा चिमटीत दाबून पाहत होते. "चालेल," ते म्हणाले.

त्यांनी इंजिनावर चार ठिकाणी गोळ्या ठेवल्या, वर प्लास्टिकचा कागद घातला, बॉनेट मिटलं, उघडलं. एक गोळी पापडासारखी झाली होती, दुसरी बोटभर जाड राहिली होती. मामांनी प्रत्येकीत आगपेटीची काडी टोचून जाडी मोजली आणि गाडीखाली शिरले.

आधीच्या मिस्त्रीने इंजिन खालच्या आडव्या दांड्याला लागू नये म्हणून उंच ठोकळ्यांवर बसवलं होतं. मामांनी इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं पुढून उथळ करून घेतलं, मग ठोकळे बुटके केले. इंजिन पुढून जेवढं खाली घेतलं, तेवढंच मागूनही. "बोटीत इंजिन आनि पाण्यातला पंखा एका रेघेत नसला की सगळी बोट थरथरते. गाडीचं तसंच हाय." फिल्टरचं डबडं त्यांनी नळी जोडून एका बाजूला नेलं. दर दोन-चार दिवसांनी ते यायचे आणि दर वेळी ताजी कणीक लागायची. "शिळी खोटं बोलते," म्हणायचे.

एका रविवारी बॉनेट पूर्ण मिटलं. मामा गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, आणि गतिरोधकावर आतून ठण्ण आवाज झाला. परत आले तेव्हा बॉनेटवर खालून आलेलं सुपारीएवढं टेंगूळ दिसत होतं. मामांचा चेहरा उतरला. "चुकलो साहेब. थांबलेल्या इंजिनाला इचारत बसलो. चाललेल्याला इचाराया पायजे होतं. चालताना ते उसळतं."

आम्ही सगळे बाबांकडे पाहत राहिलो. हे बॉनेट त्यांनी कुणाला कापू दिलं नव्हतं. ते काठी टेकत गाडीपाशी आले, उजवा तळहात त्या टेंगळावर ठेवला आणि खो-खो हसू लागले. कित्येक महिन्यांनी आम्ही ते हसू ऐकत होतो. "राहू दे," ते म्हणाले. "तिलाही... झटका आला."

मामांनी इंजिन उसळू नये म्हणून बाजूने एक आडवी सळई बसवली. त्यानंतर कणकेच्या गोळ्या ठेवूनच गाडी तारापूरपर्यंत नेऊन आणली. सगळ्या गोळ्या शाबूत होत्या. त्या सुमारास बाबा शर्टाची बटणं स्वतः लावू लागले होते आणि परातीत उरलेल्या कणकेच्या आई पोळ्या लाटत होती.

मी मामांना एकदा विचारलं, "तुम्ही ते मुद्दाम केलंत ना?"

"हात ग्रीसचे होते, बाय," ते म्हणाले. मग पान्याने नट आवळता आवळता पुटपुटले, "धुता आले असते, ते खरं."

बाबांना पुन्हा गाडी चालवता आली नाही. मामांनी मला शिकवली. बाबा शेजारी बसायचे आणि गिअर चुकला की काठी आपटायचे. अशी तीन वर्षं आम्ही पालघर-बोईसर पालथं घातलं. बाबा गेले त्याच्या दहाव्या दिवशी मामा आले. अंगणात गाडीखाली सतरंजी पसरून शिरले आणि एकेक नट तपासून बाहेर आले. आईला म्हणाले, "वयनी, साहेब नाय म्हनून हिला उभी ठेवू नका. उभी गाडी सडते." आई त्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेर पडली. मागच्या सीटवर बसून, गल्लीच्या टोकापर्यंत.

पुढे मामांचे गुडघे गेले आणि गॅरेज बंद झालं. तेव्हा त्यांनी मला घिवलीला बोलावून घेतलं. स्वतः खुर्चीवर बसून मला, म्हणजे पालघरच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना, गाडीखाली झोपवलं आणि ठोकळे कसे आवळायचे, त्यांच्याखालचं रबर झिजलं हे कसं ओळखायचं, ते शिकवलं. "दुसऱ्याच्या भरवशावर ठेवू नको," एवढंच म्हणाले. या पावसाळ्याआधी मामा गेले.

परवा पेट्रोल पंपावर इंजिनाचा आवाज ऐकून एका माणसाने मला बॉनेट उघडायला लावलं. कितीतरी वेळ आत पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढं इंजिन यात मावलं कसं? मिस्त्री कोण तुमचा?"

"घिवलीचे तांडेलमामा," मी म्हटलं. "होते" म्हणायला जीभ वळली नाही.