जोडीचा उंदीर

उंदरांना कुपोषित ठेवणं हे माझं काम आहे, आणि ते मी चोख करते. लखनौच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या एका गटाला कमी प्रथिनांचं खाद्य द्यायचं आणि काही आठवड्यांनी त्यांचं यकृत, मांड्यांचे स्नायू तपासायचे. असा उंदीर हळूहळू जेवणच कमी करतो. मग शंका येते, स्नायू झिजले ते प्रथिनांवाचून की नुसत्या उपासमारीने? म्हणून प्रत्येकाला एक जोडीचा उंदीर असतो. त्याचं खाद्य सकस, पण पहिल्याने काल जितकं खाल्लं तितकंच आज याला मिळतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या किडन्या कमजोर झाल्या. डॉक्टरांनी प्रथिनं मोजून द्यायला सांगितली, आणि मी आईबाबांना अकोल्याहून लखनौला, वृंदावन योजना या वसाहतीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. बाबांच्या ताटाचा तक्ता मीच केला. रक्ताचा रिपोर्ट यायचा असला की मला एका जागी बसवत नसे, भांड्यांवर राग निघे. रिपोर्ट बरा आला की स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची.

या जानेवारीत एका रविवारी गच्चीवर ऊन आलं, म्हणून आईच्या पायांना तेल चोळायला बसले. हात मांडीवर गेला आणि थांबला. कातडीखाली स्नायू लागेचना. हा स्पर्श मी रोज हातमोज्यातून घेते.

“आई, तू जेवतेस काय?”

“हे जेवतात तेच.”

“म्हणजे वरण नाही? अंडं नाही?”

“यांच्यासमोर मी वाटीभर वरण भुरकू काय? उतरते काय ते घशाखाली?”

मी तोंडाला येईल ते बोलले. राग खरं तर माझाच मला आला होता. जोडीच्या उंदराच्या खाद्यात निदान प्रथिनं तरी पुरेपूर असतात. आईच्या ताटात तीही नव्हती, आणि रोज तराजूशी बसणाऱ्या मला ते ताट दिसलंच नव्हतं.

बाबा गच्चीच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “उद्यापासून मला आधी वाढ,” ते मला म्हणाले. “जेवून मी वर येत जाईन.”

मी तशीच चपला अडकवून खाली गेले. “भैया, एक दर्जन अंडे!” दुकानदार दचकला. “नाराज क्यों हैं, मैडम?”

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. बाबा लवकर जेवले आणि धुकं होतं तरी गच्चीवर गेले. आईपुढे मी घट्ट वरण आणि उकडलेली अंडी ठेवली. दाराकडे बघत बघत तिने वाटी संपवली.

“भरलं पोट?” मी विचारलं.

“भरलं. पण लग्न झाल्यापासून यांच्याशिवाय जेवले नव्हते मी. हे काही जेवण नाही, माय.”

मला रडू आलं. तरी मी तिला आणखी एक पळी वाढली.