डोकं धुणारी इंजिनिअर

गौतमी आमच्या शाळेची. महाडच्या त्या शाळेत मी प्रयोगशाळेचा मदतनीस होतो, म्हणजे काचेची भांडी धुणारा. तिच्या संशोधनातलं सगळं मला कळतं असं नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहितो.

तिचे वडील भिकाजी कोर्टात शिपाई. मुलगी इंजिनिअर झाली आणि १९९५ साली इथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात लागली. दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं तिच्या ताब्यात होती, न्यायला-आणायला कंपनीची गाडी होती. तीन वर्षांनी भिकाजींना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, पण हात काही हलेना. एकदा ती वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रयत्नच करत नाही." भिकाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वर्षभरात ते गेले.

हे तिने मला फार नंतर सांगितलं. म्हणाली, "काका, कारखान्यात व्हॉल्व्ह उघडला नाही तर मी आधी कंट्रोल रूममधून सिग्नल निघाला का ते बघायचे. व्हॉल्व्हला बोल लावायचे नाही. बाबांच्या वेळी मी बघितलंच नाही."

नोकरी सोडून ती मुंबईला मेंदूच्या संशोधनाला गेली. गाडीतली पोरगी एसटीत आली, असं शेजारी तिच्या तोंडावर म्हणायचे. ती हसून बॅग उचलायची.

लुळ्या हाताचं माणूस हात उचलू बघतं तेव्हा मेंदूत काही घडतं का, हा तिचा प्रश्न. डोक्याच्या कातडीला तारा चिकटवून ते मोजायचं. माणसं तिला पोलादपूरच्या डोंगरातली हवी होती, कारण झटक्यानंतर ती मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. तिचे सर म्हणाले, दहा चांगल्या नोंदी आणा, नाहीतर मुंबईचेच रुग्ण घ्या. मेअखेरीस मशीन परत द्यायचं होतं. हे २००३ सालचं.

उमरठच्या वरच्या वाड्या माझ्या माहितीतल्या, म्हणून मी सोबत जात होतो. पहिल्या आठवड्यात चार नोंदी वाया गेल्या, त्या माझ्यामुळे. "डोकं धुऊन बसा," असा निरोप मीच दिला होता. लोकांनी डोकं धुतलं, आणि पाहुणी येणार म्हणून वर खोबरेल तेल चोपडून भांग पाडला. तेलावर तारा धरेनात. पडद्यावर नुसता गोंधळ. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. गौतमीने दुसऱ्या दिवशी बॅगेत शिकेकाई भरली. "आता मीच धुते," म्हणाली.

असं करत नऊ झाल्या. दहावीसाठी डावा हात लुळा पडलेल्या चंद्राबाईकडे निघालो तेव्हा दोन दिवस उरले होते. ते घर जुन्या वळणाचं. चढणीवर मी तिला हळूच म्हणालो, "कुठली विचारलं तर महाडची इंजिनिअर, एवढंच सांग." ती बॅग खांद्यावर सारून पुढे चढत राहिली.

चंद्राबाई ओटीवर बसली होती. सून सोनाबाई म्हशीला पाणी दाखवून आली.

"हिचा काय हात बघतेस? आलस हाय नुसता. तपकिरीची डबी कशी झटक्यात उचलते."

"ती उजव्यानं गो," चंद्राबाई म्हणाली. "डावा चालता तर तुझा कान धरला असता." मग गौतमीकडे वळून म्हणाली, "तू कुनाची गो?"

"महाडच्या बौद्धवाडीतल्या भिकाजींची. कोर्टात शिपाई होते."

मी जमिनीकडे बघत राहिलो. सोनाबाईच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"आजी, तुमचं डोकं धुवायचंय," गौतमी म्हणाली. "मी धुते. चालेल?"

चंद्राबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सोने, पानी ऊन कर. गार पान्यानं मला शिंका येतात."

अंगणात दगडावर बसवून गौतमीने ते पांढरं डोकं दोनदा धुतलं, पुसलं, आणि तारा लावल्या. यंत्र टिक वाजवायचं. साठ वेळा टिक नुसती ऐकायची, साठ वेळा ऐकून डावा हात उचलायचा.

"साठदा? मरन आलं," चंद्राबाई म्हणाली.

"दम खा, आजी. मी थांबते."

दोन तास गेले. चंद्राबाईच्या कपाळावर घाम डवरला, पण मांडीवरचा हात तसूभर हलला नाही. सोनाबाई दाराशी उभी राहून सगळं बघत होती.

गौतमीने दोन्ही साठ-साठ वेळांची वेगवेगळी सरासरी काढली आणि सोनाबाईला पडद्यापाशी बोलावलं. दोन रेघा होत्या. एक जवळजवळ सपाट, दुसरी टिक वाजल्यावर खाली उतरत गेलेली.

"ही नुसतं ऐकतानाची. ही हात उचलतानाची. हात नाही उचलला गेला, पण त्या उचलत होत्या. आळस असता तर दोन्ही सारख्याच आल्या असत्या."

सोनाबाईने पडद्यावरच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"ऐकलंस ना गो?" चंद्राबाई म्हणाली. मग गौतमीला विचारलं, "मंग हात कवा हलल?"

"ते मला अजून माहीत नाही, आजी. रोज हलवून घेतलात तर थोडाफार फरक पडेल. मी बघायला येईन."

ती येत राहिली, २००६ साली नावामागे डॉक्टर लागल्यावरही. त्या वर्षी चंद्राबाईच्या डाव्या हाताची बोटं इतकी मिटायला लागली होती की पदराचं टोक धरता येई. गौतमी सांगते, त्यात आपल्या यंत्राचा काही गुण नाही. सोनाबाई रोज सकाळी दूध काढून झालं की सासूचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट हलवून घ्यायची.