निळी पडलेली सोलकढी

माझी ताई वसईच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होती. दिवसभर काचेच्या उभ्या नळीतून आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची आणि रंग पालटला की तोटी बंद करायची. त्या नोकरीवर तिचा फार जीव. लग्नानंतरही ती सोडणार नाही, असं पाहायला आलेल्यांना तोंडावर सांगायची. त्यामुळे आधीची दोन स्थळं पोहे खाऊन गेली ती गेलीच.

हे तिसरं स्थळ विरारचं. मुलगा ताईला आवडला होता, हे तिने न सांगताच मला कळलं, कारण बाईसाहेब भांडी घासतानाही गुणगुणत होत्या. पण नोकरीबद्दल त्याच्या आईचं काय मत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रविवारी ती मंडळी उमेळ्याला आमच्याकडे जेवायला येणार होती.

आईने सोलकढी केली. मावशीने गावाहून पाठवलेली आमसुलं भलतीच आंबट निघाली. एका घोटात माझे दात आंबले. आणखी रस घालावा, तर घरातले नारळ संपले होते.

"पाणी घाल," मी म्हटलं.

"नुसती पांचट होईल," ताई म्हणाली. "आम्लच आहे ना? मारू त्याला." आणि तिने खायच्या सोड्याचा डबा उघडला.

चिमूटभर टाकला, फेस आला, आंबटपणा तसाच. मग तिने चमचाच उपडा केला. गुलाबी कढी आमच्या डोळ्यांदेखत जांभळी झाली, मग निळसर राखाडी, पाटी धुतलेल्या पाण्यासारखी. आईने कपाळावर हात मारला. तेवढ्यात बेल वाजली.

"काही मदत करू का?" म्हणत मुलाच्या आई सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि पातेल्यात डोकावल्या. "ही कसली कढी?"

गेलं हेही स्थळ, मला वाटलं. ताईने मात्र खरं ते सांगून टाकलं. वाटीत थोडी कढी घेतली आणि चमच्याने आमसुलाचं पाणी थेंब थेंब सोडत गेली. निळी कढी जांभळी झाली, मग पुन्हा गुलाबी.

"अगोबाई! परत निळी कर बघू."

ताईने केली. मग त्यांनी पदर खोचला, वाटी ओढली आणि स्वतःच थेंब टाकायला लागल्या. बाहेर पुरुषमंडळी भुकेने ताटकळली होती आणि इथे यांचा खेळ संपेना. मला हसू आवरत नव्हतं.

"हे तू रोज करतेस? आणि वर पगार मिळतो?"

"हो. लग्नानंतरही करणार आहे," ताई म्हणाली. आई उगाच खोकली.

त्यांनी वाटीतून मान वर केली नाही. "नोकरी सोडलीस तर माझ्याशी गाठ आहे. मला दहावीनंतर शिकू दिलं नाही घरच्यांनी. तू कामावरून आलीस की रोज मला सांगायचं, आज काय काय केलंस ते."

मला इतका आनंद झाला की मी आईचा हात घट्ट धरला. ताईने डोळे पुसले, कढीची दुसरी वाटी भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली.